राजमा अर्धाकच्चा राहिला तर काय होतं? आणि आठ शिट्ट्या होऊनही हरभरा शिजत का नाही?

मे २००६ मधली गोष्ट. जपानमधल्या एका टीव्ही कार्यक्रमात वजन कमी करायचा नवा उपाय दाखवला गेला. पांढरा घेवडा घ्या, म्हणजे आपल्या राजम्याचाच पांढरा भाऊ. कढईत तीनेक मिनिटं भाजा, मिक्सरला फिरवून पूड करा आणि भातावर भुरभुरून खा. या घेवड्यात पिष्टमय पदार्थ पचू न देणारा एक घटक असतो, त्यामुळे भात खाल्ला तरी वजन वाढणार नाही, असा एकूण दावा.

बघणाऱ्यांनी घरी करून पाहिलं. आणि शेकडो लोकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. काही जणांना तर रुग्णालयात दाखल करावं लागलं. वाहिनीला माफी मागावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, जपानच्या घेवड्याचं आपल्याला काय? तर मुद्दा असा आहे की तेव्हा टीव्ही होता, आता रील्स आहेत. "मोड आलेल्या कडधान्याचं हाय प्रोटीन सॅलड" असं म्हणत मूग, मटकी, हरभऱ्यासोबत मूठभर राजमाही कच्चाच वाडग्यात टाकणारे व्हिडिओ सर्रास फिरतात. बाजारात "मिक्स कडधान्य" म्हणून जी पाकिटं मिळतात, त्यातल्या अनेकांत राजमा असतो. ते पाकीट भिजवून, मोड आणून, उसळ करून खाल्लं तर काहीच हरकत नाही. कच्चं खाल्लं तर मात्र पुढचा दिवस बाथरूममध्ये जाऊ शकतो.

राजम्यात असं असतं काय?

राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. लेक्टिन नावाच्या प्रथिनांच्या गटातलं ते एक. झाडाच्या दृष्टीने हे बियांचं संरक्षण आहे, किड्यांनी आणि जनावरांनी बी खाऊ नये म्हणून केलेली तजवीज. आपण खाल्लं तर ते आतड्याच्या आतल्या अस्तराला जाऊन चिकटतं आणि एक ते तीन तासांत मळमळ, जोरदार उलट्या आणि मग जुलाब सुरू होतात. चार-पाच कच्चे दाणेसुद्धा त्याला पुरतात. बहुतेक लोक काही तासांत आपोआप बरे होतात, पण लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर अंगातलं पाणी कमी होण्याचा धोका असतो, तिथे घरी बसून वाट पाहू नये.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिलेले आकडे बघण्यासारखे आहेत. या विषाचं प्रमाण मोजायचं एक एकक आहे. त्यानुसार कच्च्या लाल राजम्यात २०,००० ते ७०,००० एकक विष असतं आणि नीट शिजलेल्या राजम्यात २०० ते ४००. म्हणजे शिजवल्यावर ते जवळपास संपतंच. पांढऱ्या घेवड्यात लाल राजम्याच्या साधारण एक तृतीयांश असतं, आणि तेवढ्यानेही जपानमध्ये काय झालं ते आपण पाहिलं.

ब्रिटनमध्ये हा प्रकार त्याच्याही आधी, १९७६ साली लक्षात आला. सुट्टीसाठी बाहेर गेलेल्या शाळकरी मुलांनी रात्रभर भिजवलेला लाल राजमा न शिजवता खाल्ला आणि ती आजारी पडली. त्यानंतरच्या काही वर्षांत तशाच आणखी घटना समोर आल्या. म्हणजे नुसतं भिजवल्याने हे विष जात नाही, हे तिथे स्पष्ट झालं. मोड आणल्यानेही ते जाईल असं धरून चालू नका.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. राजमा ८० अंशांच्या आसपास, म्हणजे उकळी न फुटता नुसत्या गरम पाण्यात तापत ठेवला, तर विषाचा परिणाम कमी होण्याऐवजी कच्च्यापेक्षा पाचपटीपर्यंत वाढू शकतो. त्यामुळे परदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांनी हे नीट वाचा. तिकडे स्लो कुकर नावाचं मातीच्या भांड्यासारखं विजेचं उपकरण घरोघर असतं. सकाळी सगळं टाकायचं, ऑफिसला जायचं, संध्याकाळी येऊन जेवायचं. त्यात कच्चा राजमा टाकला तर दाणा मऊ होतो, पण भांड्यातलं तापमान पुरेसं चढेलच असं नाही. म्हणजे मऊ झाला याचा अर्थ सुरक्षित झाला असा होत नाही. विजेच्या प्रेशर कुकरमध्येही "स्लो कुक" असं वेगळं बटण असतं, राजम्याच्या बाबतीत ते विसरून जा. प्रेशरचं बटण वापरा.

नियम सोपा आहे. राजमा किमान पाच तास, शक्यतो रात्रभर भिजवायचा. ते पाणी फेकायचं. ताज्या पाण्यात खळखळून उकळायचा. दहा मिनिटांच्या खऱ्या उकळीत हे विष निकामी होतं, अमेरिकी प्रशासन सुरक्षिततेसाठी अर्धा तास सांगतं. तसंही दहा मिनिटांत राजमा खाण्याइतका मऊ होत नाहीच, त्यामुळे पुढे शिजवावा लागतोच. डबाबंद राजमा आधीच शिजवलेला असतो, त्याची काळजी नको.

मग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणाला हे माहीत नसताना कुणी आजारी कसं पडलं नाही? कारण आपण राजमा कुकरला लावतो, किंवा चुलीवर तासभर रटरटू देतो. आईने केमिस्ट्री न शिकता जे केलं ते बरोबर होतं.

जाता जाता एक गोष्ट. राजमा म्हणजे पंजाबी पदार्थ असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातला वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, तो याच जातीचा आहे. वाघासारखे पट्टे म्हणून वाघ्या. आणि ही जात मूळची ना पंजाबची ना साताऱ्याची. ती मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतली, मिरची आणि बटाट्यासारखीच समुद्र ओलांडून आलेली. त्यामुळे वर जे राजम्याबद्दल सांगितलं ते सगळं वाघ्या घेवड्यालाही लागू. हरभरा, मूग, मसूर, मटकी, चवळी यांची गोष्ट वेगळी, त्यांच्यात या विशिष्ट विषाची राजम्यासारखी अडचण नाही.

आता दुसरा प्रश्न. शिजतच नाही, त्याचं काय?

काही वर्षांपूर्वी मी मराठवाड्यात एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. रविवारी हौसेने हरभऱ्याची उसळ करायला घेतली. रात्रभर भिजवलेले हरभरे, सहा शिट्ट्या. झाकण उघडलं तर दाणे तसेच टणक. परत सहा. परत तेच. तिसऱ्यांदा लावला तेव्हा गॅस संपला. मी दुकानदाराला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि खाली घरमालकीण काकूंकडे तक्रार घेऊन गेलो. त्या हसल्या. "अरे, बोअरच्या पाण्यात आमची तुरीची डाळ शिजत नाही, तुझे हरभरे कुठले शिजायला! पिण्याच्या जारचं पाणी घालायचं होतंस."

काकू बरोबर होत्या. कारण समजायला सोपं आहे.

कडधान्याच्या दाण्यातल्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या डिंकासारख्या पदार्थाने चिकटलेल्या असतात. दाणा शिजणं म्हणजे हा डिंक विरघळणं आणि पेशी सुट्या होणं. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भरपूर असतात, आणि कॅल्शियम या डिंकाला आणखी घट्ट करतं. म्हणजे तुम्ही खालून आच देऊन दाणा सुटा करायचा प्रयत्न करताय आणि पाणी त्याला बांधून ठेवतंय. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी अनेक गावांत याच्याही वर जातं. बादलीत साबणाला फेस येत नसेल आणि नळाच्या तोटीवर पांढरे थर बसत असतील, तर तुमचं पाणी त्यातलंच आहे.

उपाय? भिजवायला आणि शिजवायला, दोन्हीला फिल्टरचं किंवा जारचं पाणी वापरा. ते नसेल तर पाणी उकळून, थंड करून, वरचं निवळलेलं घ्या. सगळे क्षार जात नाहीत, पण काही भाग तळाशी बसतो आणि फरक पडतो.

पाणी चांगलं असूनही शिजत नसेल तर कडधान्य जुनं आहे. दमट आणि गरम हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या दाण्यात आतल्या आतच बदल होतात, दाण्यातलंच कॅल्शियम मोकळं होऊन त्याच डिंकाला जाऊन बसतं. असा दाणा भिजून टम्म फुगतो, दिसायला अगदी छान दिसतो, पण शिजत नाही. डब्यात नवा माल जुन्यावर ओतण्याची आपली सवय इथे नडते. तळाशी गेल्या दिवाळीचे हरभरे, वर परवाचे. एकाच कुकरमध्ये अर्धे गाळ, अर्धे खडे.

याहून वेगळा प्रकार म्हणजे जो दाणा मुळात फुगतच नाही. कुणी त्याला गणंग म्हणतं, कुणी कुचर. मटकी आणि मुगात हा हमखास सापडतो. त्याच्या सालीतून पाणी आतच शिरत नाही. तो कितीही शिजवला तरी दाताखाली कचकन येणार. त्यावर इलाज एकच, भिजवून झाल्यावर ताटात पसरून हाताने निवडून काढणं. कंटाळवाणं काम आहे, पण दाताच्या डॉक्टरपेक्षा स्वस्त.

मीठ, चिंच, गूळ, सोडा

चिंच, आमसूल, टोमॅटो हे आंबट पदार्थ दाणा मऊ होऊ देत नाहीत, कारण आंबट पाण्यात तो डिंक लवकर विरघळत नाही. गुळाचंही तसंच. म्हणून वालाच्या बिरड्यात आमसूल आणि गूळ डाळिंब्या शिजल्यावरच पडतात, आधी नाही. छोले करताना टोमॅटोची ग्रेव्ही आणि कच्चे भिजवलेले चणे एकत्र कुकरला लावण्याचा "वन पॉट" प्रकार म्हणूनच अनेकदा फसतो.

मिठाबद्दल मात्र आपल्याकडे गैरसमज आहे. "आधी मीठ घालू नको, शिजायचं नाही" हे प्रत्येक घरात ऐकू येतं. प्रत्यक्षात भिजवायच्या पाण्यात मीठ घातलं तर दाणा लवकर मऊ होतो. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल नरम पडते. लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा मीठ, रात्रभर, मग पाणी फेकून दाणे धुवायचे. राजमा आणि काबुली चण्याला याचा चांगला फायदा होतो, साल फाटत नाही आणि आतपर्यंत चव जाते. आमच्या घरात हे सांगून पाहिलं. कुणीही विश्वास ठेवला नाही. शेवटी दोन वाट्यांत वेगवेगळे भिजवून, वेगवेगळे शिजवून दाखवावे लागले.

सोड्याचं काम याच्याही पुढचं. खाण्याचा सोडा पाणी अल्कधर्मी करतो आणि डिंक भराभर विरघळतो. जड पाणी असेल, दाणा जुना असेल, तर चिमूटभर सोडा वरदान आहे. पण हात सैल सोडला की साबणासारखी चव येते, दाण्याचा लगदा होतो आणि ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. एक वाटी चण्यांना दोन चिमटी पुरे. हॉटेलच्या छोल्यांसारखे मऊ चणे हवेत म्हणून चमचाभर सोडा घालणाऱ्यांचे छोले छोले राहत नाहीत.

शिट्टी हे वेळ मोजायचं माप नाही

"राजम्याला किती शिट्ट्या?" हा प्रश्न फॅमिली ग्रुपवर विचारला की चार ते बारा यातलं कोणतंही उत्तर येतं आणि प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो. कारण शिट्टी कधी होणार हे गॅसची आच, कुकरचा आकार आणि आत किती ऐवज आहे यावर ठरतं. मोठ्या आचेवर लहान कुकरच्या सहा शिट्ट्या पाच-सात मिनिटांत होतील. तेवढ्यात राजमा शिजणार नाही.

कुकरचं खरं काम तापमान वाढवणं. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, कितीही गॅस वाढवा. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, दाब वाढतो आणि पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली याच तत्त्वावर हाडं मऊ करायचं भांडं बनवलं होतं. उंचावर गेलं की उलटं होतं. दर ३०० मीटरला पाणी उकळण्याचं तापमान साधारण एक अंशाने उतरतं. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळतं, लेहला ८८ च्या आसपास. तिथे उघड्या भांड्यात कडधान्य शिजवत बसू नये, कुकरच लागतो.

त्यामुळे एक पद्धत लावून घ्या. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी येऊ द्या, मग आच बारीक करा आणि तिथून घड्याळ लावा. भिजवलेला राजमा, काबुली चणे आणि काळे हरभरे यांना २० ते २५ मिनिटं. वाळलेले वाटाणे १० ते १२. चवळी आणि अख्खे मूग ८ ते १०. अख्खा मसूर भिजवला नाही तरी चालतो, तो १० मिनिटांत होतो. मोड आलेली मटकी आणि सोललेल्या डाळिंब्या कुकरला लावूच नयेत, झाकणावर पाणी ठेवून पातेल्यात १०-१२ मिनिटांत त्या शिजतात आणि दाणा अख्खा राहतो. ही सगळी माझ्या स्वयंपाकघरातली मापं, तुमच्या पाण्याप्रमाणे पाच मिनिटं इकडेतिकडे होतील. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जाऊ द्या, त्या दहा मिनिटांतही दाणा शिजत असतो. शिट्टी उचलून वाफ काढली तर साल फाटते आणि हात भाजतो तो वेगळा.

कुकर अर्ध्याच्या वर भरू नका. कडधान्य फुगतं, वर फेस येतो, हरभऱ्याची सुटलेली साल शिट्टीच्या भोकात जाऊन अडकू शकते. वाफेला वाट मिळाली नाही तर सगळी भिस्त सेफ्टी व्हॉल्व्हवर. चमचाभर तेल घातलं की फेस कमी होतो. आणि कुकर लावण्याआधी शिट्टी काढून ते भोक उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा, पाच सेकंदांचं काम आहे.

कुकरमध्ये शिजवल्याने अन्नातलं सत्त्व मरतं, असंही एक रील अधूनमधून फिरत असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहारविषयक मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात डाळी-कडधान्यं उकडणं किंवा कुकरला लावणं हाच चांगला मार्ग म्हटलाय. पाणी मात्र बेताचं घाला, ओतून द्यावं लागेल इतकं नको.

भिजवणं, मोड आणि गॅस

भिजवायला तिप्पट-चौपट पाणी घ्या, दाणा वजनाने जवळपास दुप्पट होतो. आठ-दहा तास पुरतात. उन्हाळ्यात त्याहून जास्त ठेवलं तर पाणी फेसाळतं आणि आंबूस वास येतो, अशा वेळी पातेलं फ्रीजमध्ये ठेवा. संध्याकाळी सहाला आठवलं की उद्या नाही आजच छोले करायचेत, तर दाणे पाण्यात दोन मिनिटं खळखळून उकळा, गॅस बंद करून झाकून तासभर ठेवा. रात्रभराचं काम बरंचसं होतं.

पोटात गॅस होण्याचं कारण म्हणजे कडधान्यातल्या काही साखरा, ज्या पचवणारं विकर माणसाच्या शरीरात नसतं. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात. गॅस ते तयार करतात. या साखरा पाण्यात थोड्याफार उतरतात, म्हणून भिजवलेलं पाणी फेकायचं. मोड येताना रोपटंच त्या साखरा वापरून टाकतं, म्हणून मोडाची उसळ पोटाला हलकी वाटते.

मोडांबाबत एक सावधगिरी. ऊब आणि ओल, जी दाण्याला हवी असते, तीच जंतूंनाही हवी असते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या कच्च्या मोडांतून ई. कोलायचा एक घातक प्रकार पसरला आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. मोड आणायचं कापड रोज धुतलेलं असावं, चिकट किंवा वास येणारे मोड सरळ टाकून द्यावेत. गरोदर बाई, लहान मुलं आणि आजारातून उठलेल्यांना कच्चे मोड नकोत, वाफवून द्या.

शिजलंय की नाही हे बघायला एक दाणा पुरत नाही. वरचे, मधले, तळाचे असे चार-पाच दाणे काढा आणि अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाबा. मधोमध पांढरा, खडूसारखा ठिपका दिसला तर अजून कच्चं आहे, थोडं गरम पाणी घालून परत लावा. गार पाणी ओतू नका, उकळी परत यायला वेळ लागतो. आणि राजमा असेल तर अशा वेळी "चालतंय की" म्हणून ताटात वाढू नका.